ओमप्रकाश मास्तरांचं पत्र

मोर्शीकडे आमच्या माळी समाजात लग्नाचा बायोडाटा लिहायचा म्हटलं की लोक अजूनही माझ्याकडेच येतात. ओमप्रकाश मास्तरांनी लिहिलेला बायोडाटा वाया जात नाही, असं म्हणतात. तीन एकरांचे मी बारा केलेत, टिनाच्या घरावर मजले चढवलेत. मुलीकडचेही तेच करतात, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नाही.

भाचा कुंदन याचं लग्न मी असंच जमवलं होतं. गीतांजलीला घेऊन तो ऑस्ट्रेलियात गेला, तिथं बस्तान बसलं, रागिणी झाली. मग एका पार्टीत दारूच्या नशेत त्यानं एकाच्या डोक्यात बाटली घातली. दीड वर्षाची शिक्षा झाली आणि त्यापायी व्हिसाही रद्द झाला. मारलं ते मारलंच, मी त्याची बाजू घेत नाही. पण सहा वर्षांची पोर बापावाचून राहणार होती, ते मला बघवेना.

व्हिसा परत मिळावा म्हणून अर्ज करायला थोडी मुदत होती. त्याच्या तिथल्या वकिलानं निरोप धाडला की गावाकडच्या जाणत्या माणसाचं पत्र हवं, घरची खरी परिस्थिती लिहा. काम अर्थातच माझ्याकडे आलं.

खरी परिस्थिती अशी, की संत्र्याचा बगीचा डिंक्या रोगानं गेला. झाडं तोडून तीन वर्षं झाली. कुंदनची आई, म्हणजे माझी विधवा बहीण बेबी, बाजारात भाजी विकते आणि एका खोलीत राहते.

माझा पेन काही तिकडे वळेना. परक्या साहेबापुढे भाच्याला कंगाल दाखवायचं? चांगलं घराणं पाहून तरी ते नरमतील, असं मला वाटलं. मी त्याचा जुना बायोडाटा काढला आणि बारा एकर ओलिताची जमीन, बगीचा, दुमजली घर, सगळं जसंच्या तसं उतरवलं.

बेबी शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "दादा, जे हाय तेच लिही ना. बगीचा कुठी हाय आता?"

"तुले समजत नाई," मी खेकसलो. "घर पाहूनच लोक माणसाचा मान ठेवतात."

मुदत संपायच्या आदल्या दिवशी पत्र परस्पर वकिलाकडे गेलं. कुंदन कोठडीत होता, त्यानं ते पाहिलंही नाही.

चार महिन्यांनी निकाल आला. गीतांजलीनं फोनवर मराठीतून समजावून सांगितला. मुलीसाठी त्यानं तिथं राहावं, हे त्यांनाही पटत होतं. पण मायदेशी त्याला जमीन, बगीचा, मोठं घर आहे, परत जाण्यात त्याचे हाल होणार नाहीत, म्हणून अर्ज नामंजूर. माझीच वाक्यं होती ती.

गीतांजलीची नोकरी आणि पोरीची शाळा तिकडेच, त्यामुळे कुंदन एकटाच आला. बडनेरा स्टेशनवर मी त्याला घ्यायला गेलो. रस्ताभर तो माझ्याच तब्येतीची चौकशी करत राहिला. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शेतात गेलो. व्हिडिओ कॉलवर रागिणीनं हट्ट धरला होता, निकालातला तो बगीचा दाखवा म्हणून. समोर तुरीच्या नुसत्या वाळक्या तुराट्या उभ्या होत्या. कुंदननं फोन माझ्या हातात दिला.

"मामाजी, तुमीच सांगा तिले."

"बगीचा नाई बाई," मी म्हणालो. "मोठं घरबी नाई. मी खोटं लिहिलं होतं."

तिचा चेहरा एकदम खुलला.

"मग इथल्या व्हिसावाल्यांना हे सांगा ना, आबा," ती म्हणाली. "म्हणजे बाबा घरी येतील."