उरलेलं आम्ल

"कान लाव पोरी, वाळू बोलतेय."

बाबा मूठभर पांढऱ्या वाळूवर आम्ल ओतायचे आणि ती फसफसून उठायची. बाबा गेले, पण लॉर्नाच्या कानातून तो आवाज गेला नाही. आज मात्र प्रयोगशाळेतल्या तिच्या टेबलापलीकडे थोरला भाऊ डार्सी उभा राहून ओरडत होता.

"साठ? बाबांच्या खाणीतला चुना शेकडा साठ? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"दोनदा तपासलाय."

"मग तिसऱ्यांदा तपास. माझ्यासमोर. नव्वद कसे येत नाहीत तेच बघतो!"

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डोंगारा गावच्या किनाऱ्यामागची ती खाण अजून बाबांच्याच नावानं चाले. आंबटलेल्या जमिनीत गव्हाची मुळं खुरटतात, म्हणून आतल्या भागातले शेतकरी तिथली चुनखडीची वाळू ट्रक भरभरून नेत, तेही तपासणीच्या अहवालावरच्या लॉर्नाच्या सहीच्या भरवशावर. नमुना दरवेळी डार्सीच आणून देई. या खेपेला मोरावा गावची शेतकरी नोएलीन आपल्या शेतावरच्या ढिगातली वाळू आइस्क्रीमच्या डब्यात घेऊन आली होती. चुना पसरूनही गहू पिवळाच, म्हणाली.

"त्या बाईनंच माती कालवली असेल."

"स्वतःच्या शेताशी वैर आहे का तिचं?"

लॉर्नानं एक ग्रॅम वाळू तोलली, त्यावर पन्नास मिली आम्ल घातलं, उकळलं, निववलं. वाळूनं खायचं तेवढं खाल्लं. आता उरलं किती, ते तितक्याच तीव्रतेचं कॉस्टिक सोड्याचं पाणी ब्युरेटच्या तोटीतून थेंब थेंब सोडून मोजायचं. चुना सकस असेल तर आम्ल थोडंच उरतं आणि दर्शक घातलेल्या चंबूत गुलाबी रंग लवकर चढतो.

नव्वदाचा चुना चौदा मिलीवर रंगतो. चौदा गेले.

"आला, आला! थांब!"

"उडाला. बघ नीट."

वीस.

"मुद्दाम करतेस तू. खाण मला मिळाली म्हणून पोटात दुखतंय तुझ्या."

"दुखलं होतं. खोटं कशाला बोलू?" तोटीवरचा तिचा हात हलला नाही.

सव्विसावर रंग आला आणि राहिला. उन्हं यायच्या आधी आभाळाची कड उजळावी, इतकाच.

"पन्नास घातलं, सव्वीस उरलं. म्हणजे वाळूनं चोवीस खाल्लं. शुद्ध चुन्यानं चाळीस खाल्लं असतं. चाळिसात चोवीस. सांग, शेकडा किती?"

डार्सीनं हिशेब केला नाही. "नव्वद लिही, लॉर्ना. नाहीतर बाबांच्या नावाची पाटी तूच येऊन उतरव."

"उतरवीन. पण आधी एक सांग. इतकी वर्षं याच हातांनी नव्वद काढले. तेव्हा चुकत होते, की आज चुकतेय? माझ्या सहीवर लोकांनी शेतं सोपवलीत. चुकत असेन तर आत्ता हा कोट काढून ठेवते."

तिनं खरंच वरचं बटण सोडलं. डार्सी खिडकीकडे वळला. बोलला तेव्हा त्याच्या आवाजातला चढ पार उतरला होता.

"राहू दे कोट. तू कधीच चुकली नाहीस. तुला आणून देत होतो ती वाळू आपल्या खाणीतली नव्हतीच. आपली सकस वाळू तर बाबांच्या डोळ्यांदेखतच संपली होती."