सभेला येऊ नका

हॅलो, हॅलो! वन, टू, थ्री... घाबरू नका, सभा नाही. मी एक भोंगा बोलतोय, लाऊडस्पीकरचा. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं गावाच्या कानावर घातलं, आज स्वतःचं चार शब्दांत सांगतो. चार म्हणालो तरी चाळीस होतील. पुढाऱ्यांच्या संगतीत वाढलो, गुण लागणारच.

मुंबईच्या एका कारखान्यात पत्र्याला गोल वळण देऊन मला घडवलं आणि अकोल्याच्या दुकानात टांगलं. तिथून सत्तावन्न साली तेल्हाऱ्याच्या डोमाजीनं मला घरी आणलं. डोमाजीचे वडील गावात दवंडी द्यायचे. ऊन असो, अंगात ताप असो, पाटलाचा निरोप आला की डफडं घेऊन निघायचं. ते काम मर्जीचं नव्हतं, जातीनं गळ्यात बांधलेलं होतं. छप्पन्न साली डोमाजी बौद्ध झाला आणि त्यानं डफडं खाली ठेवलं ते कायमचं. मला बैलबंडीवर बांधताना तो बायकोला, मैनाला, म्हणाला, "हाका मारीन, पण माह्या मर्जीनं. मशीन माही, बंडी माही अन् तोंडई माहंच."

मग काय! बुद्धजयंती, लग्नं, कौंडण्यपूरची यात्रा, तंबूतला सिनेमा, जिथं तिथं मी. बैलांना वाट पाठ, डोमाजीच्या हातात माइक आणि वर बांबूला मी. पण खरं सांगतो, मला चटक लागली होती ती निवडणुकीच्या सभांची. माझ्या हाकेनं बंड्यांवर बंड्या भरून माणसं यायला लागली की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढारी नुसता बोलायचा, माणसं मी जमवायचो, असं मला वाटायचं.

बासष्टच्या उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुका आल्या. एका पक्षाच्या प्रचाराचं काम कमलाकांत वकील पाहत होते. त्यांनी डोमाजीला सात गावं नेमून दिली आणि आम्ही सातही गावं पिंजून काढली. "चला, चला, तेल्हाऱ्याले चला! रविवारी, बजाराच्या मैदानात!" रविवारी मैदान गच्च भरलं. ऊन मी म्हणत होतं. मंडपाच्या कडेला पाण्याचे रांजण होते, तळ गाठलेल्या एकाच विहिरीतून भरलेले. हजारो माणसं तिथं घोट घोट प्यायली. मी मात्र टाळ्या मोजण्यात दंग होतो.

पाच दिवसांनी दुसऱ्या, याहून मोठ्या सभेची हाक घेऊन आम्ही पुन्हा निघालो. पहिलंच गाव बोरवा. मी तोंड उघडलं तरी कुणी ओट्यावर आलं नाही. तेवढ्यात एका घरातून पार्बताबाई बाहेर आली. पन्नाशीची शेतकरीण, डोळे सुजलेले.

"बंद कर थो भोंगा! तुह्या हाकेनं माहा भगवंता सभेले गेलता. सोमवारी रात्री ओकारी लागली. बुधवारी जाळलं त्याले."

डोमाजीनं माइक खाली ठेवला. पटकी! म्हणजे कॉलरा. शाळेत सुई टोचायला आलेल्या सरकारी डॉक्टरांनी त्याला सांगितलं की साथ तालुक्यात आधीपासूनच होती, सभेच्या पाण्यातून ती एकदम भडकली. आता पंधरा दिवस तरी माणसं एका जागी गोळा व्हायला नकोत. पुढच्या गावात गेलो तर तेच. त्याच्या पुढच्या गावात तेच. ज्या गावांत आम्ही हाक दिली होती, त्या सातही गावांत माणसं अंथरुणाला खिळली होती. वाटेवरची जी दोन गावं आम्ही सोडली होती, तिथं एकही आजारी नव्हता. माझा सगळा माज त्या दिवशी उतरला.

डोमाजी तडक वकिलांकडे गेला. "वकीलसाहेब, सभा पुढं ढकला."

"अरे, परवाच समोरच्यांची सभा झाली. आपण रद्द केली तर लोक म्हणतील, घाबरले. आणि मुंबईचे पाहुणे येताहेत. त्यांना काय सांगू?"

"पाहुणा बंगल्यावर दूध पिऊन जाईन, साहेब. रांजणातलं पाणी आमचे लोक पितीन."

वकील माणूस वाईट नव्हता, पण निवडणूक अंगात भिनली होती. "तुला जमत नसेल तर दुसरा भोंगा आणतो," ते म्हणाले.

"आणा," डोमाजी म्हणाला. "मी त्याच्या पयले गावात जातो."

आणि गेला! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. बोरव्यात चावडीसमोर बंडी उभी करून तो बोलला, "आयका हो! मांगच्या खेपेले मीच तुमाले बलावलं. चुकलो मी. आता सांगून राहिलो, सभेले येऊ नका. पाणी उकळून प्या, शाळेत जाऊन सुई घ्या." कुणीतरी धोंडा भिरकावला, तो मला लागला. पोचा अजून आहे. पण डोमाजी हलला नाही. असा मालक मला मिळाला, याचा मला अभिमान वाटतो.

तेव्हा पार्बताबाई चालत आली आणि बंडीत चढून बसली. त्या काळी तिच्या घरची बाई डोमाजीच्या बंडीत बसणं ही साधी गोष्ट नव्हती. तिनं माइकसाठी हात पुढं केला, "आन इकडं."

तिला हॅलो नको, वन टू थ्री नको. "मी पार्बता. माहा लेक सभेतून आला अन् तीन दिवसांत गेला. तुमचा लेक घरी ठेवा."

एवढंच. सातही गावांत, तीन दिवस, हेच. मोठमोठ्यांची भाषणं मी पोचवली, पण बाया-बापे असे स्तब्ध उभे राहिलेले कधी पाहिले नव्हते. शेवटच्या गावात बोलून झाल्यावर बटण बंद करायचं राहिलं आणि ती हळूच डोमाजीला म्हणाली, "काहो भाऊ, माह्या भगवंताले आयकू गेलं असन का?" ते मीच सगळ्या गावाला ऐकवलं. मला थांबता आलं नाही.

सभेच्या दिवशी मैदानात जाजमं होती, रांजण होते, पाहुण्यांची जीप होती. त्या सात गावांतलं माणूस मात्र एकही नव्हतं. वकिलांनी ते रिकामं मैदान पाहिलं. मग त्यांनी तोच मंडप उचलून शाळेपुढं, सुईच्या रांगेवर सावलीला घालायला सांगितला आणि बाही वर करून स्वतः रांगेत उभे राहिले. त्यांचा उमेदवार पडला. तरी त्या दिवसाचं त्यांचंही मला कौतुक आहे.

साथ ओसरली. किती माणसं वाचली कोण सांगणार? न मेलेल्यांची नोंद कुठं होते? डोमाजीला मात्र पुढं कोणत्याच पक्षानं बोलावलं नाही. तो हसायचा, म्हणायचा, लग्नं आहेत की.

आता माझा पडदा फाटलाय. त्या उन्हाळ्याला आठ वर्षं झाली, कडा गंजल्या. डोमाजीच्या ओसरीत खुंटीला टांगलेला असतो. निवडणुका येत राहतील, साथीही येतील. हातात माइक असणाऱ्यांनो, माझं एवढंच मागणं आहे: ज्याला हाक मारता, त्याच्या घरात आधी डोकावून या.

बाजाराच्या दिवशी पार्बताबाई येते. मैनाच्या हातचा चहा घेते आणि पदरानं माझी धूळ पुसते. परवा तिनं विचारलं, "हा आता बोलत नाई का गा?"

"नाई मावशी, बिघडला," डोमाजी म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली. "जवा बोलाचं होतं, तवा बोलला."

बस्स. यापुढं मला काही सांगायचं नाही.