सावली दाखवणारं क्रीम

शेजारणीच्या पुढच्या खोलीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग, जिन्यात बायका, खिडकीबाहेर गॅलरीत टाचा उंचावून उभ्या असलेल्या बायका. मध्ये खुर्चीवर, बायकांवरची वाईट सावली ओळखतात म्हणून बोलावलेल्या उजळमाई बसल्या होत्या. हातात पांढऱ्या क्रीमची डबी.

"क्रीम खोटं बोलत नाही गं बायांनो!" माई डोळे मिटून म्हणाल्या. "निर्मळ गालावर ते पांढरंच राहतं. जिच्यावर सावली असेल, तिच्या गालावर ती उमटते. मी कोण सांगणारी? मी आपली नुसतं बोट लावते!"

त्यांनी माझ्या सासूबाईंच्या गालावर बोट टेकवलं. पांढरंच! शेजारीणही निर्मळ निघाली. मग माझ्या धाकट्या जावेची पाळी आली. तिच्या कडेवर चार महिन्यांची लेक होती. "यात असतं तरी काय?" असं तिनं आदल्या दिवशी माईंना सगळ्यांदेखत विचारलं होतं, तेव्हा माई चिडल्या होत्या.

माईंनी अंगठ्यानं तिच्या गालावर क्रीम फासलं. बघता बघता ते तपकिरी झालं.

जवळच्या बायका मागे सरकल्या. माई हलक्या आवाजात म्हणाल्या, "लेकरू घ्या तिच्याकडून. आईची सावली आधी लेकरावर उतरते."

सासूबाई काही दुष्ट नव्हेत. त्या घाबरल्या होत्या. त्यांनी बाळाला ओढून घेतलं आणि पदराखाली झाकलं.

मग माईंनी पिशवीतून तीन डब्या काढल्या. फिकट, मध्यम, गडद. "कालच्या सावलीला ही. जुन्या सावलीला ही. हाडात मुरलेल्या सावलीला ही. उद्या हिनंच निवडायची. चुकीची लावली, तर सावली सरळ बाळात शिरेल. मग मला बोल लावायचा नाही!"

धाकटी रात्रभर जागी होती. सकाळी स्वयंपाकघरात तिनं माझा हात घट्ट धरला. "ताई, कोणती घेऊ? गडद घेतली आणि सावली हलकी असली तर?"

आत सासूबाईंच्या खोलीत बाळ भुकेनं रडत होतं. मी म्हणाले, "अगं, असलं काही नसतं." पण माझाच आवाज मला परका वाटला. गाल तपकिरी होताना मी डोळ्यांनी पाहिला होता.

निर्मळ ठरल्याबद्दल सासूबाईंना पांढऱ्या क्रीमची एक डबी प्रसाद म्हणून मिळाली होती. ती घेऊन मी न्हाणीघरात शिरले, कडी लावली आणि आरशासमोर गालावर क्रीम चोळलं.

ते तपकिरी झालं.

मला दोन मुलं आहेत. ती शाळेत गेली होती. आता ती रस्ता ओलांडत असतील, असं काहीबाही मनात आलं. डबी हातातून निसटली, क्रीमचा गोळा बेसिनवर पडला. कुणी पाहील म्हणून मी तो घाईघाईनं पुसायला गेले, तर बेसिनही तपकिरी झालं!

मी पुन्हा थोडं क्रीम घेतलं. बेसिनवर नुसतं टेकवलं, तर पांढरं. अंगठ्यानं चोळलं, तर तपकिरी. बेसिनला कसली आलीय सावली? मला हसू आलं आणि त्याबरोबरच रडूही.

डबी घेऊन मी तडक चौकातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी वस्तू ओळखली आणि दुपारी माझ्याबरोबर आल्या.

खोली कालच्यासारखीच गच्च भरली होती. धाकटीचा हात तीन डब्यांवरून फिरत होता. मी पुढे झाले आणि खिडकीच्या काचेवर क्रीमचे दोन ठिपके ठेवले. एक तसाच ठेवला, दुसरा चोळला.

"माई, या काचेवर कुणाची सावली पडली हो?"

"काच विटाळलेली आहे!" माई ओरडल्या.

"मग माई, मी? मी तर निर्मळ ना?" सासूबाई उठल्या. त्यांनी काचेवरचा पांढरा ठिपका बोटावर घेतला आणि आपल्याच गालावर खसाखसा चोळला. गाल तपकिरी झाला. मग त्या शेजारी आपल्या घरी गेल्या, बाळाला घेऊन आल्या आणि त्यांनी ते धाकटीच्या ओटीत ठेवलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या पांढऱ्या क्रीममध्ये रंगाचे बारीक कण असतात, पातळ कवचात बंद केलेले. चोळलं की कवच फुटतं आणि रंग बाहेर येतो. यांनी जिला वाचवायचं तिला बोट टेकवलं, जिला अडकवायचं तिला अंगठा घासला. आणि या तीन डब्या? दुकानात मिळणारं साधं रंगीत क्रीम आहे, तीन छटांचं. उजेडात जबड्याच्या कडेला लावून बघा. कातडीत मिसळून जाते ती छटा आपली. न लावलं तरी काही बिघडत नाही."

माई पिशवी उचलून जिन्याकडे निघाल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. सगळ्याजणी काचेभोवती जमल्या होत्या, एकमेकींच्या हातावर क्रीम चोळून बघत होत्या.

मी घाबरले होते, हे मी लपवत नाही. भीती कुणालाही वाटते. पण त्या भरात कुणा आईच्या कडेवरचं मूल काढून घेऊ नका. आधी विचारा, यात असतं तरी काय? आणि या प्रश्नावर जो चिडेल, त्याच्या हातची कुठलीच डबी घरात आणू नका.