टोप बसवायची खोली

गिऱ्हाइकाने हनुवटीखालच्या गाठीला बोटं लावली आणि तेवढ्यात छत बोललं.

"ताई, त्यांना जरा खिडकीकडे तोंड करून बसवा. चेहरा नीट येत नाहीये."

आवाज दुकानाच्या मालकीणबाईंच्या जावयाचा होता. तो स्वतः दोन रस्ते पलीकडे, आपल्या ऑफिसात. इथे होता तो फक्त छताला चिकटलेला, उपड्या वाटीएवढा पांढरा कॅमेरा. कालच बसवलेला. गाठवाली हातात टेप धरून उभी होती. तिने वर पाहिलं, मग खाली, गिऱ्हाइकाच्या हातांकडे. सुटत आलेली रुमालाची गाठ त्या हातांनी पुन्हा घट्ट ओढली.

"बोलतो पण का तो?"

"मलाही आत्ताच कळलं."

गिऱ्हाईक विमानतळावर सामान तपासायचं काम करायची. औषधांनी केस गेले होते, आणि चार आठवड्यांनी कामावर रुजू व्हायचं होतं. टोप अगदी पूर्वीच्या केसांसारखा हवा, कुणाला शंकासुद्धा यायला नको, म्हणून तिने जुना फोटो आणला होता. तो तिने पर्समध्ये परत ठेवला.

"मी दिवसभर लोकांच्या बॅगांच्या पोटात बघत असते," ती उठत म्हणाली. "बघणारा कंटाळला की काय काय बघतो, ते मला विचारा. राहू दे, ताई."

दार तिने हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर गाठवालीला बरं वाटलं असतं.

आकड्याच्या सुईने एकेक केस जाळीला गाठ मारून बसवायचा, अशा हजारो गाठींचा एक टोप. म्हणून ती गाठवाली. पण सुईच्या आधी माप, आणि मापाआधी मालकीणबाईंनी घालून दिलेला एक नियम. डोक्यावर जे असेल ते गिऱ्हाइकाने स्वतः काढायचं. आपण हात लावायचा नाही, 'काढा' म्हणायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. कुणी दोन मिनिटांत काढतं, कुणी तीन खेपा घालतं. सहा वर्षांत नुसतं उभं राहायचं काम तिने जेवढं केलं होतं, तेवढं सुईचंही केलं नसेल.

दुपारी एक वाजता गाठवालीच्या सासूबाई तिच्या बाळाला पाजायला घेऊन आल्या. आतून कडी असलेली दुकानातली हीच एक खोली, म्हणून ती रोज इथेच बसायची. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

"तुझ्या दुकानाला डोळा फुटलाय गं."

मग गोदामात, खोक्यांच्या मधल्या सांदीत बसावं लागलं. कुणी जवळून गेलं की बाळ तोंड सोडून दचकायचं. सासूबाई वाट अडवून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"नोकरी सोड असं म्हणत नाही मी," त्या समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या. "पण कुणाला सांग तरी."

तिने संध्याकाळी सांगितलं. जावई दुकानात आला होता. भला माणूस, खुर्ची दिल्याशिवाय बोलायचा नाही.

"ताई, तुमच्यावर संशय नाही हो. पण मागच्या महिन्यात सत्तावीस नंबरचा टोप गेला. यादीत आहे, कपाटात नाही. तुम्हीच केलेला ना तो?"

"मीच केलेला."

"मग कुठे गेला असेल?"

उत्तर गाठवालीला ठाऊक होतं, पण ते तिने सांगायचं नव्हतं. मालकीणबाई काउंटरवर कागदाच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बघू," एवढंच म्हणाल्या.

कॅमेरा राहिला. त्या आठवड्यात आणखी दोघी गाठीला हात लावून परत गेल्या.

शनिवारी मालकीणबाई दुकान उघडायच्या तासभर आधी आल्या. दोन-तीन महिन्यांनी एकदा त्या अशा येत, शटर अर्धंच वर करून. त्या वेळी गाठवालीही लवकर येई. नेहमीसारख्या त्या आतल्या खोलीत जाऊन आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या. कानामागे बोट लावून काय टोचतंय ते दाखवलं. मग चाप काढायला हात वर नेला, आणि तो तिथेच राहिला.

कॅमेरा बसवायला त्यांनीच परवानगी दिली होती. या खुर्चीतून तो त्यांनी पाहिला नव्हता.

बावीस वर्षं मालकीणबाईंच्या डोक्यावर टोप होता. नवरा गेल्यानंतर हे फक्त गाठवालीला माहीत होतं. पोटच्या मुलीलाही नाही. आत्ता टोचत होता तो नवा, सत्तावीस नंबरचा. कपाटातून त्यांनी स्वतःच नेलेला. यादीत त्या नंबरापुढे स्वतःचं नाव कोण लिहील?

गोदामात जाऊ या, असं गाठवालीला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. टेप धरून उभी राहिली. बाहेर कचऱ्याची गाडी आली, थांबली, निघून गेली. मालकीणबाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"काही बोल की."

"तुमचाच नियम आहे, बाई."

तेवढ्यात वरून आवाज आला.

"आई, एवढ्या सकाळी? काही हवंय का?"

मालकीणबाईंनी हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, त्यावर दुसरा ठेवला.

"हवंय, जावईबापू. शिडी घेऊन या."

"आत्ता?"

"चहा पिऊन या. पण आत्ताच."

तो चहा न पिताच आला, घरातल्या चपला घालून. शिडी लावली, चढला. मालकीणबाईंनी शिडी खालून स्वतः धरली.

"पण आई, परत चोरी झाली तर?"

"चोरी झालीच नव्हती. टोप सापडला."

"कुठे?"

"जागेवर. आणि ताईंची माफी मागा. मलाही मागायची आहे, पण ते आमचं आम्ही बघू."

"चुकलं, ताई," तो वरूनच म्हणाला. तोंडात स्क्रू धरल्यामुळे ते जरा बोबडं आलं. मग त्याने स्क्रू हातात घेतला. "काढतो मी. पण का, ते तरी सांगाल?"

"कारण सांगावं लागलं, तर काढून काय उपयोग?"

त्याने शिडीवर उभ्याउभ्या थोडा वेळ यावर विचार केला. समजलं असं काही तोंडावर दिसलं नाही. पण दुसरा स्क्रू त्याने मुकाट्याने फिरवला.

"बाहेर काउंटरवर लावा," मालकीणबाई म्हणाल्या. "तिथे मी नटूनथटूनच बसते."

तो गेल्यावर गाठवालीने कडी घातली आणि पुन्हा आपल्या जागी उभी राहिली. या वेळी फार थांबावं लागलं नाही. चाप निघाला, टोप मांडीवर आला. खालचं जावळ पांढरं होतं, विरळ, मऊ. गाठवालीचा अंगठा त्यावरून फिरला, घरी बाळाच्या टाळूवरून फिरतो तसा. मालकीणबाईंनी डोळे मिटले.

"आणि तुझ्या सासूबाईंना सांग," त्या तशाच म्हणाल्या, "आजपासून एक ते दीड ही खोली बाळाची."

विमानतळवालीला गाठवालीने त्याच दुपारी फोन केला. ती सोमवारी आली. छतातली दोन भोकं पाहिली. मग आरशामागे डोकावली, खुर्ची उलटी केली, टेबलाच्या खालून हात फिरवला.

"सवय," ती म्हणाली.

"घ्या तपासून. घाई नाही."

ती बसली. गाठवाली उभी राहिली. रुमाल एका झटक्यात निघाला, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा तिने श्वास घेतला, आणि डावीकडून, उजवीकडून, स्वतःला नीट पाहून घेतलं. पर्समधला फोटो काढून गाठवालीपुढे धरला.

"हे केस नकोत."

"मग?"

"आखूड. कानापर्यंत. आईने जन्मात कधी कापू दिले नाहीत."

"कामावर सगळ्यांच्या लक्षात येईल."

"येऊ दे. आता मी दाखवतेय." तिने फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. "आणि कपाळावर झिपऱ्या हव्यात."

गाठवालीने मापाच्या वहीत पहिल्या ओळीवर 'झिपऱ्या' असं लिहिलं, आणि मग टेप उलगडला.