आज सकाळपासून

आमच्या घरात सगळे आजार कालच सुरू व्हायचे. मला आठवडाभर ताप असला तरी डॉक्टरांनी "कधीपासून?" विचारलं की बाबा सांगत, "कालपासून." बाहेर आल्यावर आई म्हणायची, "तुमच्या कॅलेंडरला पान एकच आहे वाटतं." बाबा हसायचे. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

बाबा विमा कंपन्यांचे वकील होते. कंपनीने कुणाचा क्लेम नाकारला आणि त्याचे घरचे कोर्टात गेले, की कंपनीच्या बाजूने उभं राहायचं; तीस वर्षं त्यांनी हेच केलं. भांडण बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर येऊन थांबायचं: पॉलिसी घेताना आजार होता का, आणि होता तर तो लपवला का. उत्तर हॉस्पिटलच्या केसपेपरात सापडायचं. मी चौदा वर्षांची असताना त्यांनी मला असा एक कागद दाखवला होता. कुणा सुनेने सासऱ्यांना दाखल करताना घाईघाईत सांगितलं होतं, चार वर्षांपासून छातीत दुखतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची होती. ती ओळ बाबांनीच शोधली होती.

"ती खोटं बोलली?" मी विचारलं.

"छे. खरं बोलली, म्हणून तर हरली." कागद फायलीत लावत ते म्हणाले, "डॉक्टरला सांगतो ते आपण कोर्टाला सांगत असतो. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा नळाला पाणी नव्हतं म्हणून बाबा खालून बाटल्या घेऊन येत होते आणि दुसऱ्या मजल्यावर थांबले. तिथे इमारतीचा सूचनाफलक आहे. ते फलक वाचत उभे होते, एक हात छातीवर, खिशातलं पेन चाचपत असल्यासारखा. मी पिशवी मागितली. त्यांनी मुकाट्याने दिली, हे नवीन होतं. मग ते रोजच तिथे थांबायला लागले.

"एवढं काय वाचता हो?" एका सकाळी मी विचारलं.

"वकिलाने बारीक अक्षर सोडू नये," ते म्हणाले. श्वास घेऊन, दोन तुकड्यांत.

त्या दिवशी दुपारी ते जेवता जेवता पांढरेफटक पडले. तातडीच्या विभागात एका तरुण डॉक्टर मुलीने मला विचारलं, "कधीपासून त्रास होतोय यांना?" बाबांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आधी ते असंच बघायचे.

"आज सकाळपासून," मी म्हणाले.

"त्याआधी काहीच नाही? चालताना, जिना चढताना?"

"नाही."

तिने लिहून घेतलं. बाबांनी डोळे मिटले. ईसीजीत फारसं काही दिसलं नाही. लक्ष ठेवू, सकाळी बघू, असं ठरलं. उजाडायच्या आत सगळं आटोपलं होतं. त्याच डॉक्टरने आईचा हात धरून सांगितलं, "आधीचा काही त्रास असता ना, तर आम्ही सकाळची वाटच पाहिली नसती." आई नुसती मान हलवत राहिली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. ते सात मिनिटं पुढे होतं.

तीन आठवड्यांनी बाबांचा ज्युनियर फाइल घेऊन घरी आला. बाबांनी चार महिन्यांपूर्वी एक पॉलिसी घेतली होती. वारस, आई. आम्हा दोघींना पत्ता नव्हता. 'कोणताही आजार नाही' या वाक्याखाली त्यांची तिरकी सही होती, नेहमीसारखीच ठाम.

"केसपेपर एकदम स्वच्छ आहे, काकू," ज्युनियर म्हणाला. "कंपनीने भिंग लावून बघितलं तरी काही हाती लागायचं नाही. सरांचा क्लेम आहे शेवटी." मग माझ्यापुढे फॉर्म सरकवला. "ताई, त्रास प्रथम कधी जाणवला, एवढंच राहिलंय. मी पेन्सिलने लिहिलंय, तुम्ही पेनाने गिरवा." आणि फोन आला म्हणून तो बाहेर गेला.

आईने हळूच विचारलं, "कधीपासून होतं गं त्यांना?"

"जिन्यात थांबायचे तेव्हापासून."

"ते मलाही दिसत होतं. तू डॉक्टरला काय सांगितलंस?"

मी पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवलं. आईने वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"मी खरं लिहिते," मी म्हणाले.

"आता?" आईचा आवाज चढला नाही. "या एका ओळीपायी माणूस घालवला आपण. ती तरी राहू दे. गिरव."

मी गिरवलं.

ज्युनियरला खालपर्यंत सोडून वर येताना मी दुसऱ्या मजल्यावर थांबले. फलकावर एकच सूचना होती, कडा पिवळ्या पडलेली: टाकी धुवायची असल्याने पाणी येणार नाही. खाली तारीख होती, सात महिन्यांपूर्वीची. त्याच दिवशी त्या बाटल्या आणल्या होत्या. नंतर रोज ते याच दोन ओळी वाचत होते, पॉलिसीवर सही करून आले त्या दिवशीसुद्धा.

दुसऱ्या कुणाची केस असती, तर असा कागद बाबांनी भिंतीवर सोडला नसता.

मी टाचण्या काढल्या, कागदाची घडी केली आणि वर गेले. आई दारात उभी होती.

"जिन्यात काय करत होतीस एवढा वेळ?"

"काही नाही," मी म्हणाले.