व्हिएन्नावरून स्वस्त पडतं

युरोपचं खूळ माझ्या डोक्यातलं न्हाई, हे आधीच सांगते. ते आमच्या मालकांचं, अण्णारावांचं. परळीच्या मोंढ्यात आमची भुसार मालाची आडत हाय. शेजारच्या आडतीचा आसाराम गेल्या वर्षी बायकोला घेऊन पॅरिसला गेलता, अन् त्या लोखंडी मनोऱ्याखालचा फोटो त्यानं दुकानात लक्ष्मीच्या फोटोच्या वर लावला. लक्ष्मीच्या वर! झालं. तवापासनं आमच्या मालकांना अन्न गोड लागंना. "आपण तीन गावं करू," म्हणले. "पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम. त्यानं एकच केलंय."

तिकिटाचं काम आमच्या लेकाकडं आलं, अमरनाथकडं. रविवारी मोंढा बंद, म्हणून तो मोबाइल घेऊन सैपाकघरात माझ्यासमोर येऊन बसला. मी धपाट्याचं पीठ मळायलते.

"आई, लई महाग पडायलंय," म्हणला. "मुंबईहून पॅरिसला उतरायचं. मग स्वित्झर्लंड, मग रोम. अन् रोमहून परत पॅरिसला येऊन मुंबईचं विमान धरायचं."

"परत पॅरिसला कावून?"

"जाऊन-येऊन तिकीट हाय ना. जिथं उतरलो तिथूनच बसायचं."

"अरे येड्या, लातूरला माल टाकून, अंबाजोगाईला पावण्यांकडं जेवून परळीला येणारा माणूस मधीच परत लातूरला जातो का? एका गावात उतर, दुसऱ्या गावातनं चढ. अन् मुंबईच कशाला? रात्री गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. माझ्या माहेरची भालकीची माणसं जगात कुठंबी जायचं तर हैदराबादलाच जातात."

पोरगं हसलं. मल्टी-सिटी म्हणून एक वेगळा रकाना असतो म्हणला. मी म्हणलं, मग तो काय शोभेला ठेवलाय का, उघड की! त्यानं उघडला अन् गावं उलटीपालटी करून बघायला लागला. पॅरिसला उतरून रोममधनं निघायचं, रोमला उतरून पॅरिसमधनं निघायचं, असं सगळं बघितलं. मग आजूबाजूची गावंबी घालून बघितली. अन् एका ठिकाणी बोट थांबवून माझ्याकडं बघितलं.

"काय झालं? सगळ्यात स्वस्त कुठलं?"

"व्हिएन्नाला उतरायचं," तो हळूच म्हणला. "तिथनं रोमला लहान विमान हाय, आराम बसच्या भावात. मग रेल्वेनं स्वित्झर्लंड, पॅरिस, अन् पॅरिसहून हैदराबाद. माणशी तीस हजारानं कमी पडतंय."

माझे हात पिठातच राहिले. व्हिएन्नात माझी लेक राहती. शिवांजली. थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीतल्या पोराशी तिनं लग्न केलं. पोरगं सोन्यासारखं, इंजिनिअर, पण आपल्यातलं न्हाई. तवा अण्णाराव म्हणले, मला एकच लेकरू हाय, अमरनाथ. चार वर्सं झाली, या घरात तिचं नाव निघत न्हाई. मला ती मोबाइलात दिसती. पण मोबाइलातल्या लेकीच्या डोक्याला तेल लावता येत न्हाई, तिला जवळ घेता येत न्हाई. मला माझी पोरगी डोळे भरून बघायची हाय, बाकी तुमचा युरोप गेला खड्ड्यात.

देवाशपथ सांगते, त्या रकान्यात व्हिएन्ना टाक असं मी म्हणलं न्हाई. अमरनं बी मुद्दाम टाकलं न्हाई. मला तर वाटलं, वैजनाथानंच हा भाव पाडला. आमचा माणूस अख्ख्या मोंढ्यात नाव काढलेला चिकट. बारदान्याच्या पैशावरनं दिवसभर भांडंल. तो स्वस्ताला न्हाई म्हणणार न्हाई, असं मी धरून चालले.

दुपारी अण्णाराव जेवायला बसले. अमरनं सगळा रस्ता सांगितला. व्हिएन्ना म्हणल्यावर त्यांचा घास थांबला.

"ते गाव आपण धरलं नव्हतं."

"धरलं नव्हतं, पण स्वस्त पडतं," मी म्हणलं अन् ताटात दही वाढलं.

"विमान कवाचं?"

"दोन महिन्यांनी, शुक्रवारचं," अमर म्हणला.

"जमायचं न्हाई. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो. युरोप पश्चिमेला हाय."

"अहो, घरातनं आपण गुरुवारीच निघणार, अन् ते बी हैदराबादला. हैदराबाद कवापासनं पश्चिमेला गेलं?"

अमरला हसू फुटलं. "गप बस बे," ते त्याच्यावर खेकसले. मग हैदराबादचं विमानतळ लांब हाय म्हणले, मग म्हणले विमान बदलायचं म्हणजे सामान हरवतंय. मी एकेकाला उत्तर देत गेले. शेवटी त्यांनी पाण्याचा तांब्या आदळला.

"व्हिएन्ना न्हाई म्हणजे न्हाई! माणशी तीस हजार जास्त लागले तर लागू दे. ते मुंबईचंच काढ, अमर."

आत्ता मात्र माझं डोकं फिरलं. या माणसानं माझ्या बाळंतपणात डिंकाचा भाव चार दुकानांत इचारलाय! अन् पोटच्या पोरीच्या गावात पाय ठेवायला लागू नये म्हणून दोघांचे साठ हजार फेकायला निघालाय. मला रडू यायलतं, पण रडले न्हाई.

"अमर, त्यांचं मुंबईचं काढ," मी म्हणलं. "माझं एकटीचं व्हिएन्नाचं काढ."

"एकटी जाशील?" ते हसले. "इंग्रजी तरी येतंय का?"

"लग्न होऊन भालकीहून इथं आले तवा मराठी येत नव्हतं. तुमच्या आईनं मीठ मागितलं तर मी खोबरं दिलं. तवाबी एकटीच आलते की! तुमी कुठं कन्नड शिकलात माझ्यासाठी?"

"पैसे कोण देणार?"

"आडत देणार. चाळीस वर्सं हमालांना भाकरी थापून वाढल्या, मुनीमजीला च्या पाजला. ती आडत एकट्या तुमची न्हाई."

अमर घाबरला. "आई, अजून व्हिसा व्हायचाय. थोडे जास्त दिले तर रद्द करता येणारं तिकीट मिळतं. स्वस्तातलं रद्द केलं की सगळे पैसे बुडतात. ते काढू का, रद्द करता येणारं?"

"न्हाई. स्वस्तातलंच काढ. रद्द करता येणारं असलं की हे घर मला रद्द करायला लावतंय. मी या घरालाबी वळखते अन् मलाबी वळखते."

त्यानं बापाकडं बघितलं. मग त्यानं आडतीच्या कार्डाचा नंबर घातला, अन् अण्णारावांच्या बंडीच्या खिशात मोबाइल वाजला. ओटीपी त्यांच्याकडंच जातो. ते तसेच बसून राहिले, हात ताटात खरकटा. ओटीपी थोडा वेळच चालतो, हे आमाला तिघांनाबी ठावं होतं.

मी उठले. त्यांच्या खिशात हात घातला. इतक्या वर्सांत त्यांच्या खिशाला मी कवा हात लावला नव्हता, धुवायला टाकलेल्या बंडीचा बी खिसा ते सोता रिकामा करून द्यायचे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बी बघितलं. मोबाइल काढला अन् एकेक आकडा मोठ्यानं वाचला.

"झालं," अमर म्हणला. मग जरा थांबून, "अण्णा, तुमचं?"

"त्यांचं ते सांगतील," मी म्हणलं. "माझं झालं."

अन् तिथंच, त्यांच्या ताटासमोर बसून मी माझ्या मोबाइलवरनं शिवांजलीला फोन लावला. हात पदराला पुसले, अन् मोबाइलचा स्पीकर लावला.

"शिवा, मी यायलेय. दोन महिन्यांनी, शुक्रवारचं विमान हाय."

ती एकदम दबक्या आवाजात म्हणली, "आई, एवढ्या मोठ्यानं बोलायलीस. अण्णा घरात न्हाईत का?"

"हायत की. समोरच बसलेत. ऐकायलेत."

ती हुंदके द्यायला लागली. मी म्हणलं, "रडू नको बाई, मला तिथलं काय बी कळायचं न्हाई, विमानतळावर न्यायला ये." ती नुसती हां, हां म्हणत रडायलती, अन् तिचं रडणं सगळ्या सैपाकघरात ऐकू यायलतं. अण्णारावांचं जेवण कवाच आटोपलं होतं, हात वाळून गेलता, पण ते ताटावरनं उठले न्हाईत.