छडीच्या काड्या

वेत माणसाला बसायला असतो, मारायला नाही, असं आपांचं ठाम मत होतं. आणि वेताबद्दल मत द्यायचा हक्क त्यांना नाही तर कुणाला? आठवडाभर त्या फर्निचरच्या कारखान्यात वेताच्या खुर्च्या विणत. वेत भिजवायचा, चिरायचा, ताणून ओवायचा. बोटांना असे घट्टे पडलेले की सुई टोचली तरी पत्ता लागायचा नाही.

रविवारी सकाळी मात्र त्या थोरल्या भावाच्या टायरच्या दुकानावरच्या खोलीत चिल्ल्यापिल्ल्यांना अरबी अक्षरं आणि कुराण शिकवत. खोलीला रबराचा वास. एकदा एकानं विचारलं, "आपा, जन्नतमध्ये पण असाच वास येतो?" आपा म्हणाल्या, "आला तर मी भांडेन."

शिकवणंही तसंच. 'ऐन' हे अक्षर थेट घशाच्या तळातून काढावं लागतं. आपा सांगायच्या, "डॉक्टर घसा बघतो तेव्हा कसं तोंड उघडता? तसं उघडा, आणि आता घशाला आतून चिमटा काढा." की झालं! सगळी पोरं घसे आवळून अशी ओरडायची की खाली टायर बदलायला आलेला माणूस दचकून वर बघायचा. मग हसून हसून लोळण. पण हसता हसता 'ऐन' मात्र गळ्यात बसायचा.

हे हसणंच भाईजानना खटकायचं. भाईजान म्हणजे आपांचे थोरले भाऊ, या वर्गाचे प्रमुख. खोली त्यांची, वीज त्यांची, म्हणून अक्कलही त्यांचीच. पूर्वी तेच इथे शिकवत. आपांचा मुलगा लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकला. शिकला कसला! उच्चार चुकला की छडी, पान अडलं की छडी. एके दिवशी पोरगा जिन्यात चपला तशाच टाकून अनवाणी घरी पळत आला, तो पुन्हा फिरकला नाही. आपा तेव्हा भावाशी कडाकडा भांडल्या होत्या, वर्षभर बोलणंसुद्धा टाकलं होतं. पण पोरानं त्या दिवसापासून कुराणाला हात लावला नव्हता. आता तो स्वतः बाप झाला होता, तरी नाही.

त्याची मुलगी, सगळ्यांची बुलबुल, आता आपांच्या वर्गात होती. अखंड बडबड, म्हणून बुलबुल. तिला पाठवताना मुलानं सरळ सांगितलं होतं, "अम्मी, तू शिकवतेस म्हणून पाठवतोय. तिथे छडी दिसली, की त्या दिवशी संपलं." तो बोलला तसं करणारा होता. आईवरच गेला होता ना!

आणि या रविवारी आपा वर आल्या, तर दाराशेजारच्या खिळ्याला छडी लटकलेली. वेताचीच, भाईजान पूर्वी पोरांवर चालवायचे तीच. तिच्याखालीच भाईजान भिंतीला टेकून बसलेले.

"काढा ती," आपा म्हणाल्या.

"मारू नकोस ना. नुसती दिसू दे," भाईजान म्हणाले. "आईबाप तक्रार करतात, छोटी. दुसरीकडे याच वयाची मुलं पुढच्या पुस्तकावर गेली. तुझी अजून घसे खरवडतायत. आज मी इथेच बसून बघणार."

आपांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या छडीला हात घालणार, तेवढ्यात मुलं जिना चढून आत आली. मुलांसमोर भावाचा पाणउतारा नको, म्हणून त्यांनी ओठ आवळले आणि वर्ग सुरू केला.

वर्ग कसला, मयत झाल्यासारखी शांतता. मुलं लाकडी घोडीवर पुस्तकं ठेवून बसली खरी, पण नजर पुस्तकावर कुणाची होती? सगळ्यांची त्या खिळ्याकडे. एरवी आपण कुठे वाचतोय ते धरायला बोट अक्षराखाली ठेवायची सवय होती. आज बोटं मांडीखाली लपलेली.

"बुलबुल, ऐन म्हण," आपा म्हणाल्या.

बुलबुलनं तोंड उघडलं. काही आलं नाही. तिनं पुन्हा उघडलं. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही. जी पोर झोपेतसुद्धा बोलते, तिच्या तोंडाला कुलूप!

"बघितलंस?" भाईजान म्हणाले. "येतच नाही तिला."

"गेल्या रविवारी येत होतं," आपा म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांनी खिळ्यावरची छडी काढली. बुलबुलनं डोळे गच्च मिटले. भाईजाननी मान डोलावली, आली बाबा एकदाची ताळ्यावर, अशी. आपांनी कोपऱ्यातली आपली कामाची पिशवी उघडली, छोटी करवत काढली, छडी खिडकीच्या कट्ट्यावर टेकवली आणि चरचर चरचर कापायला घेतली.

"छोटी! अगं, अब्बांची छडी आहे ती!"

"ओळखली मी. न ओळखून कसं चालेल?"

पहिला तुकडा पडला, दुसरा पडला. आपांनी एकेक तुकडा उभा चिरला, टोक तासलं, कुसळ लागू नये म्हणून घासून गुळगुळीत केला आणि मुलांच्या हातात दिला. "अक्षराखाली बोट ठेवायचं ना, त्याऐवजी ही काडी ठेवायची. हरवली तर माझ्याशी गाठ आहे!" मुलांनी आधी काड्या जपून धरल्या. मग एकीनं दुसरीच्या काडीशी लांबी ताडून बघितली, आणि माझी मोठी, तुझी छोटी सुरू झालं.

भाईजान उभे राहिले. "ही खोली माझी आहे," ते रागानं म्हणाले. "चालती हो इथून."

"चला रे," आपा म्हणाल्या. "आपली खोली बदलली. जिन्यात बसायचं."

पोरं काय, एका पायावर तयार! एकेका पायरीवर एकेक जण बसलं, मांडीवर पुस्तक, हातात काडी. खालपासून वरपर्यंत जिना भरून गेला. आपा मधल्या पायरीवर. भाईजान खाली जायला निघाले, तर वाटच नाही. ते वरच उभे राहिले.

आपा उठून त्यांच्याजवळ गेल्या. हातात छडीची मूठ उरली होती, वापरून वापरून काळी, चकचकीत झालेली. ती त्यांनी भावाच्या हातावर ठेवली.

"ही घ्या, भाईजान. एवढीच अब्बांच्या हातात असायची. बाकीची आपल्या पाठीवर असायची. तुमच्याही."

मूठ हातात धरून भाईजान सगळ्यांत वरच्या पायरीवर हळूच बसले.

"आता ऐन," आपा म्हणाल्या. "आणि रस्त्यापर्यंत जाऊ दे. कुणाच्या बापाची भीती नाही!"

बुलबुलनं काडी अक्षराखाली टेकवली, घसा आवळला आणि असा खणखणीत 'ऐन' काढला की जिना दणाणला. मागून सगळी पोरं.

ओरडा थांबला तेव्हा आपांनी खाली बघितलं. जिन्याच्या पायथ्याशी त्यांचा मुलगा उभा होता. मुलीला न्यायला आलेला. त्यानं मुलीच्या हातातली वेताची काडी बघितली, मग दुसऱ्याच्या हातातली, मग वर बसलेल्या मामूंच्या हातातली मूठ बघितली.

"ती छडी?" त्यानं विचारलं.

"तीच," आपा म्हणाल्या. "घेऊन जायचं असेल बुलबुलला, तर घेऊन जा. मी नाही अडवणार. पण वर्ग इथेच भरणार."

मुलानं खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट भिंतीशी नीट लावून ठेवले आणि पहिल्या पायरीवर बसला.

"अम्मी," तो म्हणाला, "एखादी काडी उरलीय का?"